गजभिये वकिलांचा हँडब्रेक

बालाघाटच्या कोर्टाच्या आवारात, वकिलांच्या खोलीमागे, एक चिंचेचं झाड होतं. त्याच्या बुंध्याची साल गुडघ्याइतक्या उंचीवर एका जागी पार निघून गेली होती. नवीन माणसाला वाटायचं, इथे कुणीतरी रोज बैल बांधत असावं. खरं म्हणजे तिथे दौलतराव गजभिये वकील रोज सकाळी आपली मोटार टेकवत. उभी करत नसत, टेकवत. त्या मोटारीला हँडब्रेक नव्हता, आणि सोडून दिली की ती आपल्या मनाने चालू लागे.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारा वकील, वयाने थोडा लहान. आमची घरंही एकाच गल्लीत. वारासिवनीच्या कोर्टात दोघांचं काम असलं की मी त्यांच्या गाडीतून जाई, आणि दर वेळी परत येताना ठरवी की पुढच्या वेळी बसने यायचं. कारण वाटेत दौलतभाऊंना कुणी ओळखीचा दिसला, चहा प्यावासा वाटला, किंवा एखाद्या शेतातला धान पाहावासा वाटला, की ते गाडी थांबवत, उतरत आणि मला म्हणत, "फुंडे, इकडं सरक. पायानं दाबून ठेव. मी आलोच."

ते 'आलोच' म्हणजे किती, याला काही सुमार नव्हता. मी काळा कोट घालून उन्हात, उघड्या गाडीत, ब्रेकचं पेडल दाबून बसलेलो असे आणि येणारेजाणारे मला विचारत, "का जी वकीलसाहेब, बिघडली का?"

गाडी मात्र देखणी होती, हे कबूल करायला हवं. हिरवी, लांब नाकाची, टप नसलेली, फक्त दोन माणसांची इंग्लिश गाडी. मँगनीजच्या खाणीवरचा कुणी साहेब ती हौसेने पळवायचा. तो विलायतेला गेला तेव्हा ती एका लाकडाच्या ठेकेदाराकडे आली. ठेकेदाराच्या ड्रायव्हरने हँडब्रेक ओढलेला असतानाच ती रोज हाकली, तेव्हा तो जळाला. मग कुणीतरी दांडा, तारा, सगळंच काढून टाकलं. दांड्याच्या जागी तळाला एक भोक राहिलं. दौलतभाऊंनी त्यात एक जुना टॉवेल कोंबला होता, तरी कच्च्या रस्त्यावर त्यातून लाल धूळ यायची आणि ती बरोबर माझ्या बाजूला यायची.

ठेकेदाराचा मोठा खटला दौलतभाऊंनी जिंकून दिला, तेव्हा शेडमध्ये जिच्यावर कोंबड्या बसत होत्या ती गाडी त्यांनी मागून घेतली. सुभद्रावहिनी, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या होत्या, "ट्रक तरी मागाचा. माणसं बसली असती." दौलतभाऊंनी विचारलं, "काहून?"

'का' या अर्थाचा हा शब्द त्यांच्या जिभेवर कायम असे. कुणी काही म्हटलं की आधी 'काहून'. पाऊस येईल म्हटलं, काहून? जेवून घ्या म्हटलं, काहून? सुरुवातीला वाटे, माणूस चिकित्सक आहे. महिन्याभरात कळे की हा माणूस दुसऱ्याचं कुठलंही वाक्य पूर्ण होऊ न देता त्याच्यापुढे आडवा होतो. कोर्टातही तसंच. समोरचा पक्ष समेटाला तयार असला की दौलतभाऊ अस्वस्थ होत. "आत्ता काहून तयार झाला? याच्यात काही तरी हाये." निम्मे समेट ते असेच मोडत, आणि वैताग असा की त्यांतले बरेच खटले पुढे जिंकत.

एकदा मी त्यांना विचारलं, "भाऊ, गाडी गिअरमध्ये टाकून उभी का नाही करत? सगळे करतात."

"गिअर चालासाठी असते. थांबासाठी नाही."

"पण थांबते ना."

"तू कोर्टात खुर्चीवर उभा राहू शकतेस. म्हणून राह्यतेस का?"

खरं कारण असं होतं की त्या गाडीचं इंजिन इतकं झिजलेलं होतं की गिअरमध्ये टाकली तरी ती उतारावर टुक्कटुक्क करत हळूहळू सरकायचीच. पण हे ते सांगत नसत. त्यांना गाडीचा दोष सांगण्यापेक्षा माझ्याशी वाद घालणं जास्त आवडे.

मग राहिला दगड. सगळ्यांचं डोकं शेवटी तिथेच जाई. चाकाखाली एक दगड लावला की प्रश्न मिटला. चहावाला म्हणे, बसचा ड्रायव्हर म्हणे, एकदा तर खुद्द न्यायाधीशसाहेब म्हणाले, "गजभियेजी, एक पत्थर रख लीजिए गाड़ी में." दौलतभाऊ त्यांना काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी युक्तिवाद इतका लांबवला की साहेबांचं जेवण राहिलं. दगडाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा कठोर व्हायचा. मला वाटे, हा निव्वळ हट्ट आहे. इंग्लिश गाडीखाली गिट्टी शोभत नाही, एवढंच.

हट्टाचा कळस म्हणजे मोटार तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचा प्रसंग. हा नवा माणूस, सागरकडचा, कर्तव्यदक्ष. त्याने सर्किट हाउसच्या उतारावर गाडी अडवली आणि हँडब्रेक दाखवा म्हणाला.

"नाही," दौलतभाऊ म्हणाले.

"तो गाड़ी रुकेगी कैसे?"

"रुकी तो है."

"आपका पैर है ब्रेक पर. आप उतरिए."

"मैं क्यों उतरूँ? चलानेवाला गाड़ी में ही रहता है. आप अपने दफ़्तर से उठ जाते हैं क्या, देखने को कि कुर्सी अकेली काम करती है?"

मी बाजूला धुळीत बसलेलो. मी हळूच म्हणालो, "भाऊ, कायद्यात लिहिलंय." ते माझ्याकडे वळले आणि इन्स्पेक्टरला सोडून माझ्याशीच भांडू लागले, की कायद्यात गाडी 'धरून ठेवणारं साधन' असं म्हटलंय, ते साधन लोखंडाचंच असावं असं कुठे म्हटलंय. तेवढ्यात मागून दोन बैलगाड्या, एक ट्रक आणि शाळेतून सुटलेली पोरं जमली. इन्स्पेक्टरने घाम पुसला, चालान फाडलं आणि निघून गेला. दौलतभाऊंनी त्या चालानावर इतक्या तारखा घेतल्या की त्या इन्स्पेक्टरची शेवटी बदली झाली. त्यांना तो विजय वाटला. मला एवढंच दिसत होतं की गाडीला अजून हँडब्रेक नाही.

मग एका उन्हाळ्यात मी त्यांच्यासोबत त्यांच्या गावी गेलो.

गाव हट्टा नावाच्या खेड्याच्या पुढे, आत. तिथे त्यांची म्हातारी आई एकटी राहायची. शहरात येत नव्हती. दौलतभाऊ महिन्यातून एकदा तिला भेटून येत. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्या गावच्या पहिल्या माणसांत ते होते, आणि त्या वाटेवरून मोटार आणणारे तर पहिलेच. पोरं अर्धा कोस आधीपासून मागे धावत.

गावात शिरताना मालगुजाराच्या घरासमोर चढ आहे. नेमक्या त्या चढावर इंजिन बंद पडलं. दौलतभाऊ उतरले, मी सरकलो, पेडल दाबलं. ते झाकण उघडून आत वाकले.

म्हातारे मालगुजार ओसरीवर बसलेले होते. जमीनदारी गेली होती, पण माणूस तसाच होता, पांढऱ्या मिशांचा, बोलायला गोड. काठी टेकत खाली आले. म्हणाले, "अरे दौलत, वकील झाला म्हणते. चांगला झाला. लय चांगला." आणि आपल्या गड्याला हाक मारली, "अरे, चाकाले दगड लाव रे. त्या पोराचा पाय दुखल."

गड्याने दगड आणून मागच्या चाकाखाली सरकवला. मी पाय सैल केला. मला खरं तर त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

मालगुजार दौलतभाऊंच्या पाठीशी उभे राहून प्रेमानेच बोलत होते. "तुह्या बाप, बुधा, लय चांगला दगड लावे. आमची बैलांची दमणी या चढावर थांबली का बुधा मागून दगड घेऊन हजर. ऊन नाही, पाणी नाही. त्याचा दगड लागला का दमणी कधी हालली नाही. तसा मानूस आता भेटत नाही."

आजूबाजूला पोरं, बायका, दोनचार म्हातारे उभे होते. दौलतभाऊ इंजिनातून वर आले. हात तेलाने काळे झालेले. ते मागे गेले, वाकले, चाकाखालचा दगड दोन्ही हातांनी काढला आणि रस्त्याच्या कडेला नीट नेऊन ठेवला. फेकला नाही.

"या गाडीले दगड लागत नाही, मालक," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "फुंडे, दाब."

मी दाबलं. त्यानंतर त्यांना कार्ब्युरेटरमधला कचरा सापडेपर्यंत बराच वेळ गेला. ऊन डोक्यावर आलं. माझ्या पोटरीत गोळे आले, पाय थरथरू लागला, मग बधिर झाला. मालगुजार परत ओसरीवर गेले होते. त्यांना काय झालं ते कळलंच नसावं.

परत येताना माझा राग गेला नव्हता, पण तो ठेवायला आता जागा उरली नव्हती. हट्टा मागे पडल्यावर दौलतभाऊ म्हणाले, "तो वाईट मानूस नाही."

"नाही," मी म्हणालो.

"तेच तर."

एवढंच. त्यानंतर मी दगडाचं नाव कधी काढलं नाही. पण सुभद्रावहिनींना हे माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. दौलतभाऊ जगभराशी वाद घालत, घरात मात्र कारणं सांगत नसत.

वहिनी त्यांच्या अगदी उलट. बोलणं कमी, आवाज खालचा, आणि एकदा बोलल्या की परत बोलत नसत. त्यांचं माहेर राजेगावच्या पुढे, नदीपलीकडे. राज्यांची वाटणी झाली तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि त्यांचं माहेर पलीकडे गेलं. दौलतभाऊ त्यांना चिडवत, "तुह्या भाऊ परदेशात राह्यते." त्या हसत नसत.

पावसाळ्याचे शेवटचे दिवस. वहिनींच्या भावाकडे, रामाजींकडे, बारसं होतं. दौलतभाऊ, वहिनी आणि मांडीवर तीन-चार वर्षांची नलू, अशी ती निघाली. राजेगावच्या अलीकडे एका नाल्यावर रपटा होता, म्हणजे पाण्याच्या पातळीचा बुटका पूल. नाल्याला पूर होता आणि रपट्यावरून पाणी वाहत होतं. दौलतभाऊंनी उतारावर गाडी थांबवली. पलीकडच्या काठावर एक माणूस उभा होता. त्याला पाणी किती आहे विचारायला ते उतरले. वहिनींना म्हणाले, "त्यावर पाय ठेव. दाबून ठेव."

वहिनींनी पाय ठेवला. पण मांडीवर नलू होती, खाली पाहता येत नव्हतं, आणि गाडी कशी चालते हे त्यांना कुणी कधी दाखवलं नव्हतं. त्यांनी पाय ठेवला तो क्लचवर. गाडी सुटली.

हे मला नंतर दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं. दौलतभाऊ पाण्याच्या थोडं अलीकडे, उतारावरच उभे राहून पलीकडच्या माणसाशी वाद घालत होते, पाणी गुडघ्याएवढं आहे की मांडीएवढं. मागून गाडी बाजूने गेली तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. ते धावले, मागची बाजू धरली, आणि चिखलात पडले. वहिनींना समोर लाल पाणी दिसलं. त्यांनी एका हाताने नलूला छातीशी दाबलं आणि दुसऱ्या हाताने ते स्टिअरिंगचं चाक आपल्याकडे ओढलं, जेवढं ओढता आलं तेवढं. गाडी वळली, रस्त्याच्या कडेवरून खाली गेली आणि भाताच्या बांधीत नाक खुपसून थांबली. नाल्यापासून चार हातांवर.

नलूला खरचटलंही नाही. वहिनींचा हात मनगटात मोडला.

पाणी ओसरल्यावर पलीकडच्या माणसाने आणि शेतातल्या लोकांनी बैल लावून गाडी काढली. एका बैलगाडीतून वहिनींना राजेगावला नेलं, तिथून डोंगीने नदीपार, माहेरी. तिथल्या वैदूने हात बांधला. दौलतभाऊ सोबत होते. रात्र काढून सकाळी ते वहिनींना म्हणाले, "चाल."

वहिनी म्हणाल्या, "तुमची गाडी आपल्या पायावर उभी राह्यल, तवा या."

"काहून, आपुन बसनं..."

"या म्हटलं तवा या."

दौलतभाऊ एकटे परतले. आणि इथून पुढे माझ्या सहनशक्तीचा जो अंत पाहिला गेला, तो त्या मालगुजाराच्या चढावरही पाहिला गेला नव्हता.

तुम्हाला वाटेल, माणूस आता धावत मिस्त्रीकडे गेला असेल. गेले. धावतच गेले. मोटार स्टँडजवळ रज्जाक मिस्त्री होते, तापट आणि अफाट बोलणारे, ट्रक-जीपवर हात बसलेले. त्यांनी गाडी पाहिली आणि तासाभरात एक आकडा बनवून दिला. पेडल दाबायचं, आकडा अडकवायचा, पेडल खालीच राहतं, गाडी उभी. मला तर वाटलं संपलं. मी म्हणालो, "भाऊ, उद्याच जाऊ वहिनींना आणायला."

दौलतभाऊ म्हणाले, "हा ब्रेक नोहोय. हे पेडलचा गळा दाबणं झालं. तेल उतरलं का सुटते."

"पर साब, घंटा-दो घंटा तो रुकेगी," रज्जाक मिस्त्री म्हणाले.

"और तीसरे घंटे में मेरी बच्ची बैठी हो तो?"

मिस्त्रींनी आकडा उचलून कोपऱ्यात फेकला. दौलतभाऊंचं चुकलं नव्हतं, आणि तीच तर अडचण होती. ते नेहमी अशा वेळी बरोबर असत की समोरच्याला त्यांचा गळा धरावासा वाटे.

मग मुंबईला पत्र. महिनाभराने उत्तर आलं, असे भाग आता बनत नाहीत. मग नागपूरच्या भंगार बाजारात दोन खेपा. तिथून आणलेल्या तारा आखूड निघाल्या. मागच्या चाकांच्या आत हँडब्रेकचे जे छोटे दांडे असतात तेच ठेकेदाराच्या माणसाने काढून फेकलेले, त्यामुळे तारा लांब असत्या तरी ओढायच्या कशाला? हे तारा आणल्यावर कळलं. रज्जाक मिस्त्री म्हणाले, मैंने पहले बोला था. दौलतभाऊ म्हणाले, नहीं बोला था. यावर दोघांचं आठ दिवस बोलणं बंद. मधल्या मध्ये मी निरोप्या.

रविवारी मी नदीपलीकडे जाऊन वहिनींना खुशाली सांगून येई. वहिनींचा हात अजून झोळीत. एकदा त्यांनी विचारलं, "जेवते का ते?"

"जेवतात. मिस्त्रीच्या दुकानात."

"भाऊजी, गाडी इकून टाकत नाही का?"

मी हे दौलतभाऊंना सांगितलं. ते गाडीखाली आडवे होते, फक्त पाय बाहेर. खालून आवाज आला, "इकली तर ती म्हणल, दुसऱ्याची बायको बसल तिच्यात." वहिनी असं म्हणाल्या असत्या की नाही कोण जाणे, पण म्हणाल्या असत्या असं वाटलं खरं.

शेवटी उपाय निघाला तो जीपमधून. लढाईनंतर लिलावात निघालेल्या जीपा तेव्हा जंगल ठेकेदारांकडे असत. त्या जीपचा हँडब्रेक चाकांत नसतो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा जो लांब दांडा असतो, मिस्त्री लोक त्याला शाफ्ट म्हणतात, त्यावरच एक छोटा ड्रम बसवलेला असतो. दांडा ओढला की तो ड्रम आवळला जातो आणि शाफ्टच फिरेनासा होतो. रज्जाक मिस्त्री म्हणाले, तोच काढून हिच्यावर बसवू. दौलतभाऊ म्हणाले, इंग्लिश गाडीले जीपचा ड्रम, काहून? हे 'काहून' तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी ते स्वतःच मोडक्या जीपचा ड्रम गोणपाटात गुंडाळून घेऊन आले आणि असे बोलू लागले, जणू कल्पना त्यांचीच.

दिवाळी गेली. ड्रम बसला. सर्किट हाउसच्या उतारावर चाचणी. दौलतभाऊंनी दांडा ओढला, पायाने ब्रेक सोडला. गाडी उभी राहिली. मी श्वास सोडला. मिस्त्रींनी बिडी पेटवली. दौलतभाऊ त्यांना सांगू लागले की दांडा दोन बोटं मागे असता तर बरं झालं असतं. मिस्त्री म्हणाले, क्यों? तेवढ्यात खालून कडाड आवाज झाला. ब्रेकची पाटी ज्या पत्र्याला बोल्टने आवळली होती तो पत्राच फाटला होता. गाडी निघाली. दौलतभाऊंना पायातला ब्रेक आठवेपर्यंत ती खालच्या बांबूच्या ढिगाला जाऊन लागली होती.

ढिगावरून दोनचार बांबू हळूच घसरून बॉनेटवर पडले. मग दौलतभाऊ आणि मिस्त्री एकदम बोलू लागले, एकमेकांवर. मी घरी निघून आलो. त्या दिवशी मी खरोखर ठरवलं होतं की या माणसाशी संबंध तोडायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रीच्या दुकानावरून जात होतो तर दोघे गाडीखाली शेजारी शेजारी पडलेले. पत्र्याला न जोडता खालच्या सांगाड्यालाच आडवी लोखंडी पट्टी टाकून त्यावर पाटी बसवायची, असं चाललं होतं. पट्टीची कल्पना कुणाची, यावरून भांडणही चालू होतं. मी तिथेच स्टुलावर बसलो. दिवा कुणीतरी धरायला हवा होता.

थंडीत, नदी उतरल्यावर, एका सकाळी दौलतभाऊ माझ्या दारात आले. "चाल."

"मी कशाला? तुम्ही जा."

"तू पाह्यजे," ते म्हणाले. कारण नाही सांगितलं.

रामाजींचं घर नदीच्या उंच काठावर. घरासमोरचा रस्ता सरळ पाण्याकडे उतरतो. दौलतभाऊंनी मुद्दाम त्या उतारावरच गाडी वळवून थांबवली, तोंड नदीकडे. दांडा ओढला. पाय मात्र पेडलवरच होता.

वहिनी बाहेर आल्या. हात बरा झाला होता, पण मनगट थोडं वाकडं राहिलं होतं. पाठीमागे रामाजी नलूला कडेवर घेऊन. शेजारचे लोक जमले. वहिनींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. नवा दांडा पाहिला, तळातलं भोक बुजलेलं पाहिलं. आणि मग त्या गाडीच्या पुढे, उताराच्या बाजूला, तिच्या नाकासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सोडा आता पाय," त्या म्हणाल्या.

"तू बाजूले हो," दौलतभाऊ म्हणाले.

"उभी राह्यते म्हणता ना?"

"राह्यते."

"मंग सोडा."

दौलतभाऊंनी पाय सोडला नाही. मी बाजूलाच होतो. त्या पट्टीवर, त्या ड्रमवर त्यांनी किती दिवस घालवले होते. बालाघाटच्या प्रत्येक उतारावर गाडी उभी करून पाहिली होती. तरी त्यांचा पाय निघेना. मी वाट पाहत होतो की ते आता 'काहून' विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

"फुंडे, सरक," ते अगदी हळू म्हणाले. "दाब."

मी पाय टाकला. ते उतरले. रस्त्याच्या कडेला गेले. तिथे काळ्या दगडांचा ढीग होता. त्यांनी दोन-तीन दगड उचलून, हातात जोखून पाहिले. एक निवडला. गाडीच्या पुढे येऊन, वहिनींच्या पायांशी, गुडघ्यावर बसले आणि तो पुढच्या चाकासमोर लावला. उठून टाचेने दोनदा जमिनीत ठोकला. लावण्याची ती पद्धत कुणाला शिकवून येत नाही. लहानपणी पाहिलेलीच असावी लागते.

मग ते वहिनींच्या शेजारी, गाडीसमोरच उभे राहिले. म्हणाले, "फुंडे, सोड."

मी सोडला.

गाडी हलली नाही. चाक दगडाला लागलंसुद्धा नाही. दगड आणि टायर यांच्यात बोटभर फट होती आणि ती तशीच राहिली. ब्रेक धरून होता.

वहिनींनी वाकून ती फट पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "लागत नोहोता. मंग हा काहून लावला?"

जमलेल्या लोकांत कुणाला काही कळलं नाही. दौलतभाऊ नदीकडे पाहत राहिले, आणि मग तेलकट हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले, तर गालावर काळं लागलं. वहिनींनी पदराचं टोक पुढे केलं.

जेवण झालं. निघताना कळलं की गाडी दोघांची आहे. वहिनी आणि मांडीवर नलू बसल्यावर मला जागा नव्हती. दौलतभाऊंच्या हे आधी लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल. "तू राजेगावपर्यंत पायी ये, मंग बस भेटल," असं म्हणून ते निघूनही गेले. वाळूतून, नदीतून, मी चालत आलो. राजेगावला बस गेलेली होती.

पुढे मी वकिली सोडून सरकारी नोकरीत गेलो आणि बालाघाट सुटलं. दौलतभाऊंची पत्रं यायची, त्यांत एकही सरळ बातमी नसे, सगळ्या तक्रारी. नगरपालिकेबद्दल, विजेच्या तारांबद्दल, माझ्या अक्षराबद्दल.

त्यांना शेवटचं पाहिलं ते सत्तरच्या दशकात, बहिणीकडे लग्नाला आलो होतो तेव्हा. बस छोट्या लाईनच्या रेल्वे फाटकावर अडकली. आगगाडीचा पत्ता नव्हता आणि फाटक बंद. खिडकीतून पाहिलं तर रांगेत सगळ्यात पुढे ती हिरवी मोटार, आणि फाटकवाल्याच्या खोलीपाशी दौलतभाऊ. केस पांढरे, कोट तोच. फाटकवाल्याला बोट दाखवून काही समजावत होते. फाटकवाला हात जोडत होता. मोटारीत स्टिअरिंगमागे एक तरुण मुलगी बसली होती, दोन वेण्या, हातात घड्याळ. नलू असणार. ती पुस्तक वाचत होती. सवय असल्यासारखी.

आगगाडी आली, गेली. फाटक उघडलं. मागून ट्रकांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. दौलतभाऊंनी वळून एकदा त्या भोंग्यांकडे पाहिलं आणि परत फाटकवाल्याकडे वळले. नलूने पुस्तक मिटलं, बापाकडे पाहिलं, एक क्षण थांबली आणि मोटार सुरू करून सरळ रूळ ओलांडून पलीकडे निघून गेली.

आमची बस तिच्या मागोमाग निघाली. मी मान बाहेर काढून पाहिलं. दौलतभाऊ एकटेच, दोन्ही रुळांच्या मधोमध, घाईघाईने पलीकडे येत होते, आणि चालता चालता मागे वळून, हात हलवत, फाटकवाल्याला अजून काहीतरी सांगत होते.